पाठमोरा चोर

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी "तुम्ही कुठे असता?" असं विचारलं की मी "लॉ कॉलेजला शिकवते" एवढंच सांगायचे. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "मग आमच्या बांधाच्या भांडणाचं जरा बघाल का?" मी सांगायचे की बांध, वारस, भाडेकरू हा माझा विषय नाही, मी फौजदारी शिकवते. खून, चोरी, दरोडा, जामीन. मग त्या बाई जिलबी हातात तशीच धरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "दिसत नाही हो तसं."

नाशकातल्या एका लॉ कॉलेजात मी नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं फौजदारी कायदा शिकवला. विद्यार्थी मला माझ्यामागे 'तीनशेदोन मॅडम' म्हणायचे. तीनशेदोन हे खुनाचं कलम. मला ते कळलं तेव्हा वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं, कारण आमच्या करारकायद्याच्या सरांना त्यांनी काहीच नाव ठेवलं नव्हतं.

आमचं कॉलेज सकाळचं. वर्गात कोवळी मुलं असत, पण त्यांच्या शेजारी रात्रपाळी करून आलेला हवालदार असे, बँकेतला कॅशियर असे, प्राथमिक शाळेतले गुरुजी असत, आणि बढती मिळावी म्हणून पदवी घ्यायला आलेले माझ्याहून मोठे अधिकारीही असत. लोकांना वाटतं, फौजदारीच्या तासाला सगळे कान टवकारून बसत असतील. तसं नसतं. खुनावर बोलताना सगळे जागे असतात. पुराव्याचा कायदा सुरू झाला की माना डुलायला लागतात. आणि खरी गंमत तिथेच असते. गुन्हा घडायला क्षण लागतो. तो कोणी केला हे सिद्ध करायला जे लागतं, तो माझा विषय.

त्यातही सगळ्यात अवघड भाग म्हणजे साक्षीदार. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं' यापेक्षा मोठा पुरावा नाही, असं सगळ्यांना वाटतं. डोळ्यांनी पाहिलेलंही चुकतं हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून सांगत होते. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेत होते. विश्वास कोणाचाच बसत नव्हता.

म्हणून एका हिवाळ्यात मी ठरवलं, वर्गात चोरी करवायची.

चोर म्हणून निवडले विठ्ठलमामा, आमचे शिपाई. साधे, भिडस्त, तुळशीची माळ घातलेले. त्यांना पटवणंच कठीण गेलं. "मॅडम, मी कधी कोणाच्या आंब्याला हात लावला नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "मामा, चोरी म्हणजे मालकाच्या संमतीशिवाय वस्तू हलवणं. मी संमती देतेय. म्हणजे ही चोरीच नाही." कायद्याची ही बाजू त्यांना पटली, आणि पाहता पाहता ते भलतेच रंगात आले. तपकिरी स्वेटर आणि माकडटोपी त्यांनी स्वतःच शोधून आणली.

सकाळची थंडी. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. मामा मागच्या दाराने आले, टेबलावरची माझी पर्स उचलली आणि पुढच्या दाराने पळाले. मी ठरल्याप्रमाणे ओरडले. आता मी वळून म्हणणार होते की शांत बसा, जे पाहिलं ते कागदावर लिहा. पण तोंड उघडायच्या आत रंगनाथ बाकावरून उडी मारून बाहेर गेला होता.

रंगनाथ सायखेड्याचा. घरी ऊस आणि म्हशी, अंगात तालमीची ताकद. त्याच्यामागे अर्धा वर्ग धावला. मीही धावले. व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी रंगनाथने एका माणसाला मागून कव घालून उचलून धरलं होतं. अंगात तपकिरी स्वेटर होता. ते आमच्या ऑफिसातले कारकून वैद्य होते, आणि त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता.

"मॅडम, धरला बघा," रंगनाथ म्हणाला.

"अरे, मी पाणी पितोय," वैद्य वरच्या वर पाय हलवत म्हणाले.

"पळून दमला, म्हणून पाणी पितोय," मागून कोणीतरी समजावून सांगितलं.

"आणि घाबरलाय बघा कसा."

"पर्स टाकून दिली असेल खिडकीतून."

यातला प्रत्येक जण दर सत्राला वैद्यांकडे फी भरायला जात होता. तरी त्या क्षणी त्यांना वैद्य दिसतच नव्हते, तपकिरी स्वेटर दिसत होता. शेवटी विठ्ठलमामाच माकडटोपी काढत, पर्स काखेत धरून पलीकडून आले आणि हात जोडून म्हणाले, "सोडा त्यांना. मी हाय चोर."

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. वैद्य समोर खुर्चीत बरगड्या चोळत बसले होते. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुढच्या सत्रात खून शिकवणार आहात. काही बेत असेल तर आधी कळवा." रंगनाथने वैद्यांची माफी मागितली आणि पुढे कितीतरी दिवस तो त्यांची सायकल पुसून ठेवत असे.

वर्गात परत आल्यावर सगळे पोट धरून हसत होते. एकटी सुनीता हसत नव्हती. मखमलाबाद शिवारातल्या फूलशेती करणाऱ्या घरातली ही मुलगी पहाटे वडिलांबरोबर फूलबाजारात गोण्या उतरवून मग कॉलेजला यायची. कधीकधी तिच्या वेणीत झेंडूची पाकळी अडकलेली असायची. तास संपला, सगळे गेले, तरी ती बाकावर बसून राहिली.

"मॅडम, माझ्या आईने एक माणूस धरून दिलाय," ती म्हणाली. "तो अजून तुरुंगात आहे."

मग तिने सांगितलं ते असं. नवरात्रात तिची आई, कौसल्याबाई, वणीला गडावर देवीच्या दर्शनाला निघाली होती. वाटेत एका एसटी स्टँडवर गाडी बदलायची होती. तिथे गर्दीत मागून कोणीतरी तिच्या मानेला हिसका दिला आणि मंगळसूत्र ओढून नेलं. ती वळली तेव्हा एक पिवळा शर्ट गर्दीत पळताना दिसला. तिने आरडाओरडा केला. लोक धावले आणि पिवळा शर्ट घातलेल्या एका तरुणाला मारत मारत तिच्यापुढे आणलं. "हाच ना?" त्यांनी विचारलं. "हाच," कौसल्याबाई म्हणाल्या. मंगळसूत्र त्याच्याजवळ सापडलं नाही. साथीदाराकडे दिलं असेल, असं सगळ्यांनी ठरवलं.

"तो काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, पेठची गाडी सुटत होती म्हणून पळत होतो."

पळून दमला म्हणून पाणी पितोय. माझ्या कानात ते वाक्य वाजलं, आणि सुनीताच्याही वाजलं असणार.

त्या तरुणाचं नाव लहानू. पेठच्या पुढे डोंगरात त्याचा पाडा. द्राक्षबागेत ऑक्टोबरची छाटणी असते, त्या कामाला टोळीबरोबर आलेला. बायकोला दिवस गेले होते म्हणून मध्येच घरी निघाला होता. कोर्टाने जामीन मंजूर केला होता, पण जामीन म्हणजे तुमच्यासाठी उभा राहणारा माणूस लागतो. सातबारा घेऊन कोर्टात येईल असा माणूस त्याला नव्हता. म्हणून तो आत होता. माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन मी दरवर्षी तुरुंग दाखवायला जायचे. तिथे असे बरेच भेटायचे, जामीन मंजूर झालेले पण जामीनदार नसलेले. ते हसून बोलायचे, एकाने तर मला भारताचा स्कोअर विचारला होता. मी व्याख्यान देऊन परत यायचे. या वेळी तसं करवेना.

आता अडचण माझी. पूर्ण वेळ शिकवणाऱ्या प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, पण आम्ही पोहायला शिकवतो आणि आम्हाला पाण्यात उतरायला बंदी. सुदैवाने तो स्टँड ज्या तालुक्यात होता, तिथल्या कोर्टात माझी एक जुनी विद्यार्थिनी, नीला, वकिली करत होती आणि गरिबांचे खटले मोफत लढायची. लहानूचं काम तिच्याकडे आलं. जामीनदार शोधायला कोण जाणार, हा प्रश्न होता. रंगनाथ पुढे आला. मोटरसायकल काढून तो पेठच्या पलीकडे पाडे पालथे घालत फिरला आणि लहानूच्या मामाला घेऊन आला. मामा कोर्टात यायला तयार नव्हता, कोर्टात गेलं की आपल्यालाच बसवून घेतात अशी त्याची समजूत. रंगनाथ त्याच्या अंगणात मुक्काम ठोकून बसला, तेव्हा कुठे तो निघाला.

"माणूस धरणं सोपं होतं, मॅडम," परत आल्यावर रंगनाथ मला म्हणाला. एवढंच म्हणाला.

लहानू बाहेर आला तेव्हा छाटलेल्या वेलींना द्राक्षं लागून ती तोडणीला आली होती. त्याला मुलगीही झाली होती. पण खटला उभाच होता, आणि खटल्याचा सगळा डोलारा एका साक्षीवर होता. ती साक्ष कौसल्याबाईंची.

त्यांना मला भेटायचं होतं. मी आधी नको म्हणाले. सरकार पक्षाच्या साक्षीदाराला आरोपीसाठी धडपडणाऱ्या बाईने पढवलं, असं कोणी म्हणालं तर ते वाईट, आणि तसं खरंच घडलं तर त्याहून वाईट. पण सुनीता म्हणाली, "मॅडम, ती जेवत नाहीये." मग मी गेले.

शेवंतीच्या वाफ्यात त्या खुडणी करत होत्या. उंच, हाडापेराने मजबूत बाई. गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत. मला बांधावर पोतं अंथरून दिलं आणि हातातलं काम न थांबवता बोलायला लागल्या.

"बाई, मी तोंड पाह्यलंच नाय. पाठ पाह्यली. तेबी पळती. लोकांनी धरून आनला, त्याच्या नाकातून रगात येत व्हतं. म्हनले हाच ना? येवढे लोक धावले माझ्यासाठी, त्यांना नाय कसं म्हनू?"

"मग आता?"

"आता नाय म्हनलं तर मला खोटी म्हनतील. सुनीचे वडील म्हनत्यात, गावात लोक बोलतील, चोराशी मिटवलं बाईनं. आन् हो म्हनलं तर..." त्यांनी फुलाचा देठ खुडला. "त्याला पोरगी झाली म्हनं."

सुनीताचे वडील पाटाच्या कडेला उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकल्या सवरलेल्या. तुम्हीच सांगा तिला काय बोलायचं ते."

"ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. "तेवढं मला करता येत नाही आणि करणारही नाही. तुम्ही जे पाहिलं ते सांगा. जे नाही पाहिलं, ते पाहिलं म्हणू नका. याच्यापेक्षा जास्त कोर्ट कोणाला विचारत नाही."

"येवढंच?" कौसल्याबाई म्हणाल्या.

"एवढंच. पण ते अवघड असतं."

निघताना त्यांनी मला ओंजळभर शेवंती दिली. ती घ्यावी की नको याचाही मी क्षणभर कायदेशीर विचार केला, आणि घेतली.

साक्षीच्या दिवशी मी रजा टाकून तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. लहानू आरोपीच्या जागी उभा होता. बारीक अंगाचा, खाली पाहणारा. आदल्या तारखेला त्या स्टँडवरच्या चहावाल्याची साक्ष झाली होती. त्यानेच लहानूला पहिल्यांदा धरलं होतं. 'पिवळा शर्ट दिसला, धरला,' असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

कौसल्याबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, शपथ घेतली. सरकारी वकिलांनी नाव, गाव, घटना विचारत विचारत शेवटी ठरलेला प्रश्न विचारला. "मंगळसूत्र ओढून पळालेला इसम आज कोर्टात हजर आहे का?"

त्या लहानूकडे बघत राहिल्या. मग न्यायाधीशांकडे वळल्या. "साहेब, मी त्याचं तोंड पाह्यलं नव्हतं. पाठ पाह्यली व्हती. ह्याला पाठमोरा हुभा कराल का?"

सरकारी वकिलांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण न्यायाधीश तरुण होते आणि त्यांना ते योग्य वाटलं. लहानू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कौसल्याबाईंनी त्या पाठीकडे खूप वेळ पाहिलं. त्याच्या शर्टाच्या आतून खांद्याची हाडं दिसत होती.

"असंल," त्या म्हणाल्या. "नसंलबी. अशा पाठी लय हायेत, साहेब. देवीची शपथ घिऊन हाच व्हता असं माझ्यानं म्हनवत नाय."

"पण तुम्ही त्या दिवशी हाच म्हणालात," सरकारी वकील म्हणाले.

"म्हनले. लोकांनी आनून दिला म्हून म्हनले."

आपलाच साक्षीदार उलटला की सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतात आणि मग उलटतपासणी करतात. तसं झालं. वकील चिडले होते, त्यांचंही चूक नव्हतं. त्यांनी विचारलं, "आरोपीकडून पैसे घेतले म्हणून खोटं सांगताय, असं मी म्हणतो."

कौसल्याबाई रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांना तो प्रश्न खरोखरच समजला नाही. "साहेब, मंगळसूत्र माझं गेलंय," त्या म्हणाल्या. "आन् ह्याच्याकडं तर जामिनालाबी मानूस नव्हता. हा मला काय देनार?"

मागच्या बाकांवर हलकीशी हसण्याची लाट आली. न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहिलं. नीलाने उलटतपासणी करायची नाही असं सांगितलं. वकिलाला कुठे गप्प बसायचं हे कळणं हे सगळ्यात उशिरा येणारं शहाणपण. तिला ते आलेलं पाहून मला मनातून फार बरं वाटलं.

पुढच्या तारखेला निकाल लागला. लहानू निर्दोष सुटला. त्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो, कौसल्याबाई, सुनीता, रंगनाथसुद्धा. कोर्टाच्या आवारात लहानू नीलाच्या पाया पडायला लागला, तिने पडू दिलं नाही. कौसल्याबाई थोड्या लांब उभ्या होत्या. मग पुढे आल्या.

"माझ्या येका शब्दानं तू आत गेलास," त्या म्हणाल्या.

लहानू म्हणाला, "तुमचा दागिना गेला ना, मावशी. मानूस भेदरतो."

आता घरी जायचं. पेठची गाडी त्याच एसटी स्टँडवरून सुटायची. लहानू म्हणाला, मी फाट्यापर्यंत चालत जाईन, तिथून मिळेल ती जीप धरीन. ऊन रणरणत होतं आणि फाटा चांगला लांब होता. रंगनाथने विचारलं, "स्टँड तर इथं मागंच हाय. चालत का जातो?"

"तिथं नको," तो म्हणाला. "तिथं मला वळखतात."

मी निकालाची आठवण करून देणार होते. निर्दोष म्हणजे निर्दोष, मान वर करून चालायचं, असं काहीतरी. वर्षानुवर्षं मी तेच शिकवत आले होते. पण कौसल्याबाई त्याआधीच चालायला लागल्या होत्या. "चल," त्या लहानूला म्हणाल्या. "माझ्या संगं चल."

आम्ही सगळे त्यांच्यामागून निघालो. स्टँडवर दुपारची गर्दी होती. चहाच्या गाड्यापाशी चार-पाच माणसं बाकड्यावर बसली होती. लहानूला पाहताच एकाने दुसऱ्याला कोपराने खुणावलं. चहावाला पातेल्यात डाव फिरवत होता, तो थांबला.

कौसल्याबाई गाड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण फूलबाजारात आयुष्य गेलेली बाई ती, हळू बोलली तरी पलीकडच्या फलाटापर्यंत ऐकू जायचं.

"भाऊ, मला वळखलं का? नवरात्रात माझं मंगळसूत्र गेलं व्हतं हितं."

"हो मावशी," चहावाला म्हणाला.

"हा चोर नाय. मी हाच म्हनले व्हते, ते चुकून म्हनले. कोर्टात सांगून आले. आता तुमाला सांगते."

बाकड्यावरच्या कोपराने खुणावणाऱ्या माणसाने पेपर उघडला. चहावाल्याने लहानूकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. पहिला हात त्यानेच टाकला होता. त्याने फडक्याने बाकड्याचं टोक पुसलं आणि म्हणाला, "बस. पेठची गाडी लागायला टाइम हाय अजून."

लहानू बाकड्याच्या अगदी कडेला बसला. चहावाल्याने सगळ्यात आधी त्याच्या हातात पेला दिला, मग आम्हाला. लहानू चहा बशीत ओतून, फुंकर घालत, सावकाश प्यायला. तो पीत होता तोवर कौसल्याबाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या, स्टँडकडे तोंड करून, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील अशा.

गाडी लागली. गर्दी दाराकडे धावली. लहानू जागेवरून उठला, पण पळाला नाही. पळायचं त्याने टाळलं हे मला दिसलं. तेव्हा चहावाला गाडा सोडून पुढे गेला, खिडकीतून आपला खांद्यावरचा टॉवेल आत टाकून त्याने सीट धरली आणि वळून हाक मारली, "ये दादा. ये निवांत."